खाऱ्यावर तरंगणारं गाव

वसईजवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात उभं राहिलं की तोंडासमोर अरबी समुद्र असतो आणि पाठीशी केळीच्या वाड्या. दोन्हींत अंतर किती, तर रमतगमत चालत जाण्याएवढं. मोठी भरती असली की लाटांची गाज वाडीपर्यंत पोचते. आषाढातल्या वाऱ्यात ओठांवरून जीभ फिरवली तर मीठ लागतं. आणि याच वाड्यांमध्ये, नारळी-केळीच्या सावलीत, हिरवट पाण्याची मोठी डबकी दिसतात. ‘डबकी’ म्हटलेलं वसईकरांना आवडणार नाही, कारण ती खणलेली आहेत, राखलेली आहेत आणि त्यांना स्वतःचं नाव आहे: बावखल. समुद्राच्या एवढ्या निकट असूनही बावखलाचं पाणी गोडं असतं. केळ त्याच्यावर पोसते, पानवेल पोसते. मिठाचं बोटही न सोसणारी ही झाडं.

हे कसं? मी कितीतरी वर्षं असंच धरून चाललो होतो की समुद्राचं पाणी जमिनीखाली शिरतच नसेल, मध्ये एखादा कातळ आडवा असेल. तसं काही नाही. वाळू पाण्याला अडवत नाही, ती उलट वाट देते. समुद्र भुईगावच्या खाली आहेच. गाव त्याच्यावर बसलेलं आहे.

सगळी गंमत पंचवीस ग्रॅमची आहे. एक लिटर गोडं पाणी हजार ग्रॅम भरतं, एक लिटर समुद्राचं पाणी साधारण एक हजार पंचवीस. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली खाऱ्याला जाऊन टेकतं. ते हलकं, म्हणून वर राहतं. वाळूच्या कणांमुळे दोघांना घुसळायला जागा मिळत नाही, त्यामुळे दुधावर साय धरावी तसा गोड्याचा थर खाऱ्यावर धरतो. पण साय दुधाच्या वर असते. हा थर मात्र खाऱ्यात बुडून तरंगतो, हिमनगासारखा. हिमनगाचा एक हिस्सा वर आणि नऊ हिस्से पाण्याखाली हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. भुईगावखालच्या गोड्या पाण्याचा हिशेब त्याहून अचाट आहे. समुद्रसपाटीच्या वर भूजलाची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी खाऱ्याला रेटून धरतं. एकास चाळीस.

हे गणित युरोपात कागदावर आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बादोन घायबेन नावाच्या डच लष्करी अभियंत्यानं १८८८-८९ च्या सुमारास आणि हेर्झबर्ग नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९०१ मध्ये, दोघांनीही किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांखालचं पाणी अभ्यासताना ते मांडलं. आज भूजलाच्या पुस्तकात हा नियम या दोघांच्या नावानं आहे. प्रत्यक्षात जमीन पुस्तकासारखी वागत नाही. मध्ये चिकणमातीचे पट्टे येतात, भरती-ओहोटीनं सीमारेषा हलते, गोडं आणि खारं यांच्यामध्ये मचूळ पाण्याचा पट्टा तयार होतो. पण गाभा तोच. आणि बावखलं या गणिताच्या कितीतरी आधीची.

बावखल म्हणजे काय, हे ते काय करतं त्यावरूनच समजतं. ‘बाव’ म्हणजे विहीर, हे कोकणात कुणालाही सांगावं लागत नाही. पण बावखल विहिरीसारखं अरुंद आणि खोल नसतं. ते पसरट असतं, त्याच्या कडा उतरत्या असतात, दगडी बांधकामानं त्याचं तोंड आवळलेलं नसतं. अडाण्याला वाटेल की खणणाऱ्यांनी आळस केला. खरं तर शहाणपण त्यातच आहे. खाली खारं पाणी आहे हे माहीत असणारा माणूस खोल खणत नाही, तो रुंद खणतो. गोड्याची साय वरवर काढायची असेल तर पळी पसरट हवी. शिवाय पावसाळ्यात हेच बावखल उलटं काम करतं. वसईच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तो ओढ्यावाटे समुद्राला मिळाला तर गेला. बावखलात साचला तर हळूहळू मुरतो, आजूबाजूच्या विहिरींना भेटतो आणि खालच्या थराला जाड करतो. म्हणजे आठ महिने पाणी देणारा खड्डा चार महिने पाणी पाजणारा होतो. एकाच भोकातून घ्यायचं आणि त्याच भोकातून परत करायचं.

एक बावखल बहुधा एका घराचं नसतं. भोवतालच्या वाड्यांच्या मालकांचं ते सामायिक. ज्या गोष्टीवर दहा घरांचं पाणी अवलंबून आहे तिथे पाळ्या आल्या, कुरबुरी आल्या, गाळ काढायला एकत्र येणं आलं. वसईतल्या भावकीच्या भांडणांत पाण्याच्या पाळीला मानाचं स्थान असलं तर नवल नाही.

मग पाणी वर कसं यायचं? रहाटानं. ‘रहाटगाडगं’ हा शब्द आपण संसाराला उद्देशून इतका वापरला आहे की ती एक वस्तू होती हेच विसरून गेलो. लाकडी दात्यांची दोन चाकं, एक आडवं, एक उभं. आडव्या चाकाला जुंपलेला बैल किंवा रेडा गोल गोल फिरतो, उभं चाक फिरतं, त्यावरून गाडग्यांची माळ खाली जाते आणि भरून वर येते. वर आलेलं गाडगं कलतं, पाणी पन्हळीत पडतं, तिथून पाटात आणि पाटातून वाफ्यात. जनावराच्या डोळ्यांवर झापडं. दात्यांची कुरकुर दिवसभर वाडीभर. जुनी माणसं या कुरकुरीची आठवण काढतात तेव्हा ती गाण्याची आठवण काढावी तशी काढतात. मला ती कधी ऐकायला मिळाली नाही. पंप आले आणि रहाट गेले.

पण त्या कुरकुरीत एक हिशेब दडलेला होता. एकास चाळीसचा नियम उलटा लावून बघा. विहिरीतलं पाणी उपसून पातळी एक मीटरनं खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर चढू पाहतं. उपसा जिथे जोरात, तिथे ते शंकूसारखं टोक काढून वर येतं. रहाटाची चाल बैलाच्या चालीएवढी. बैल थकतो, थांबतो, रवंथ करतो. तेवढ्यात वाळूतून गोडं पाणी बाजूनं झिरपून खड्डा पुन्हा भरतं आणि खालचं खारं जागच्या जागी राहतं. बैलाला घायबेन-हेर्झबर्ग माहीत नव्हता, मालकालाही नव्हता. तरी नियम पाळला जात होता, कारण नियम मोडण्याएवढी ताकद कुणातच नव्हती! विजेचा पंप थकत नाही. त्याची अडचण तीच.

इथे मला उत्तर ध्रुवाकडची माणसं आठवतात. आपल्या पिढीच्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांना ‘एस्किमो’ म्हणत. त्यांच्यातल्या अनेकांना ते नाव अपमानाचं वाटतं. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, आणि इनुइट म्हणजे ‘माणसं’. भुईगावकरांसारखाच त्यांचाही मूळ प्रश्न हाच: चहूकडे खारं पाणी, प्यायचं काय? उत्तर त्यांनी बर्फातच शोधलं. समुद्राचं पाणी गोठताना बर्फाच्या स्फटिकांत मिठाला जागा नसते, ते बाहेर ढकललं जातं. पण नव्या बर्फात थोडं खारं पाणी बारीक बारीक कप्प्यांत अडकून पडतं, म्हणून कोवळा समुद्री बर्फ तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात हे कप्पे एकमेकांना जोडले जातात, खारवट पाणी आपल्या वजनानं खाली गळून जातं, वरचं वितळलेलं पाणी उरलेलं मीठ धुऊन नेतं. एक-दोन उन्हाळे काढलेला बर्फ गोडा होतो. तो दिसतोही वेगळा, निळसर आणि गुळगुळीत. कोणत्या ढेपेचं पाणी प्यायचं हे इनुइट माणूस तिच्या रंगावरून सांगतो. तिथेही खारं जड म्हणून खाली जातं आणि गोडं वर राहतं. वसईत वाळूत जे घडतं, तेच तिथे बर्फात.

ती ढेप वितळवायची तर इंधन हवं, आणि झाड तर मैलोन्‌मैल नाही. मग दगड कोरून केलेला पसरट दिवा, त्यात सीलच्या चरबीचं तेल, कडेनं शेवाळाची किंवा रानकापसाची वात. या दिव्याला ‘कुल्लिक’ म्हणतात. तो उजेड देई, ऊब देई, ओले कपडे वाळवी आणि त्यावर टांगलेल्या भांड्यात पिण्याचं पाणी करी. दिवा राखणं बायकांचं काम. वात किती ओढायची, काजळी न धरता ज्योत एकसारखी कशी ठेवायची, ही कसबाची गोष्ट होती. घरात कुल्लिक विझला म्हणजे केवळ अंधार नव्हे, तहानसुद्धा.

आता माणसांकडे येऊ. भुईगाव आणि आसपासच्या नंदाखाल, निर्मळ, गास, गिरीज या पट्ट्यात जो समाज मोठ्या संख्येनं आहे तो सामवेदी. त्याच्या दोन शाखा आहेत, सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत एकाच समाजातली काही घरं ख्रिस्ती झाली, काही राहिली. देव वेगळे झाले, पण शेती तीच राहिली, पानमळे आणि केळी तीच राहिली, आणि बोली तीच राहिली. कादोडी. मराठीच्या अंगानं जाणारी, कोकणी-गुजरातीचा वास असलेली आणि पोर्तुगीज शब्द पचवलेली ही बोली आजही दोन्ही धर्मांच्या घरांत बोलली जाते. बाहेरच्या मराठी माणसाला ती पहिल्या ऐकण्यात निम्मीअधिक निसटते. (पोर्तुगीज शब्द पचवल्याबद्दल कादोडीला नावं ठेवण्याआधी आपण आपली चावी, पगार, साबण, घमेलं, बटाटा आणि पाव तपासावेत.)

सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’पासून आला असं मानतात. कोंपाद्रे म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मपिता होणारा माणूस आणि मुलाचा खरा बाप यांचं एकमेकांशी जे नातं जुळतं ते. रक्ताचं नव्हे, लग्नाचंही नव्हे. ठरवून जोडलेलं नातं. एका अख्ख्या समाजानं आपलं नाव अशा जोडलेल्या नात्यावरून घ्यावं, यात मला केवढं तरी सौंदर्य दिसतं. आणि पुन्हा बर्फाकडे पाहावंसं वाटतं. कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या नेत्सिलिक इनुइटांमध्ये, ज्यांच्याबद्दल क्नुद रासमुसेननं आपल्या १९२१ ते १९२४ च्या मोहिमेनंतर पुष्कळ लिहून ठेवलं, हिवाळ्यात सीलची शिकार झाली की तिचे वाटे ठरलेल्या भागीदारांना जात. कुणाला कोणता अवयव हे आधीच पक्कं असे. भागीदार एकमेकांना हाकही त्या वाट्याच्या नावानं मारत. म्हणजे ‘माझा पाय’, ‘माझी मान’ अशा धर्तीचं नातं! बर्फातल्या श्वासाच्या भोकाशी तासन्‌तास उभं राहूनही आज मला सील मिळेल याची खात्री नाही, पण तुला मिळाला तर माझा वाटा मला येईल. जिथे निसर्ग एकट्याला पुरा पडू देत नाही तिथे माणसं नाती रचून ठेवतात. बावखलाच्या पाळ्या आणि कुपारीपण हे दोन्ही मला त्याच जातीचं वाटतं, अर्थात हे माझं वाटणं.

कुपारी बायकांचं लाल लुगडं आणि पुरुषांची लाल टोपी आता रोजच्या अंगावर नाही. महोत्सवात, मिरवणुकीत, एखाद्या हौशी लग्नात ती निघते. लग्न मात्र अजून घसघशीत असतं. चर्चमधला विधी हा त्यातला एक भाग. त्याच्या मागेपुढे मांडव आहे, हळद आहे, बायकांनी बोलीतून म्हणायची गाणी आहेत. नवरीच्या गळ्यात मंगळसूत्रही येतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो, यातलं हिंदू किती आणि ख्रिस्ती किती असा प्रश्न तो विचारतो. मांडवातल्या बायकांना असा प्रश्न पडत नाही, त्यांना पुढचं गाणं कुणी उचलायचं हे पडलेलं असतं.

आणि या मांडवावर एका फार मोठ्या माणसानं फार पूर्वी नाक मुरडून ठेवलं आहे. १९५६ मध्ये याच भुईगावात अशोकाच्या एका शिलालेखाचा तुकडा सापडला. जवळच्या सोपाऱ्याला आठव्या आदेशाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला होता. भुईगावचा तुकडा नवव्या आदेशाचा. नवव्या आदेशात काय आहे? अशोक म्हणतो: लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. त्यातही बायका तर कितीतरी फुटकळ आणि निरर्थक विधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणं, गुरूंचा आदर, जीवांविषयी संयम, दानधर्म. इतकं सुज्ञ बोलणं, ब्राह्मी लिपीत, आपल्या मराठीच्या पणजीच्या पणजीला कळेल अशा प्राकृतात, दगडावर कोरलेलं. ते ज्या गावाच्या मातीत निजलं, तिथे त्यानंतर बावीसशे वर्षं बायका लग्नात विधी करतच राहिल्या. धर्म बदलला तरी थांबल्या नाहीत. दगड फुटला, गाणी टिकली. सम्राटाविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, या सामन्यात माझी सहानुभूती बायकांकडे आहे.

वाडीत परत येऊ, कारण गोड्या पाण्याचं शेवटी काय होतं ते तिथे कळतं. पानवेलीला आधार म्हणून पांगारा लावतात, त्याच्या अंगाखांद्यावर ती चढते. तिला ऊन सोसत नाही, कोरड सोसत नाही, आणि मुळाशी पाणी तुंबलेलंही सोसत नाही. लाडावलेली वेल. केळी त्या मानानं सालस, पण तिच्यातही घराणी आहेत: राजेळी, मुठेळी, वेलची, बनकेळ. राजेळीचं सुकेळं करतात. पिकलेलं केळं सोलून उन्हात वाळवायचं, दिवसामागून दिवस, मधाच्या रंगाचं आणि चिवट होईपर्यंत, मग केळीच्याच वाळक्या पानात बांधायचं. वाळवलेली सुकेळी महिनोन्‌महिने टिकतात, अगोटीला घरात असावीत अशी. एका सुकेळ्यात किती बावखलाचं पाणी आटलेलं असतं, असा भलता विचार ते चावताना माझ्या मनात येतो. भाजी, फुलं, केळी यांच्या पाट्या पहाटेच्या लोकलनं मुंबईला जात आल्या आहेत. मुंबईनं वसईचं पाणी असं फळाफुलांच्या रूपानं पुष्कळ घेतलं, आणि त्यानं काही बिघडलं नाही. वाडीला दिलेल्या पाण्यातलं बरंचसं पुन्हा वाळूत मुरत होतं, जिथून आलं तिथे.

बिघडलं ते टँकरनं. १९८०च्या दशकात वसई रोड आणि नालासोपारा स्टेशनांभोवती इमारतींचं रान उठलं. त्यांना पाणी हवं होतं, नळ आले नव्हते. पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरून पूर्वेकडे जाऊ लागले. हे पाणी परत येणारं नव्हतं, ते गटारातून खाडीला जायचं. काही उन्हाळ्यांतच किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. साय काढून नेली की खालचं दूध वर येणारच. त्याविरुद्ध गावं उठली. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिच्या अग्रभागी होते नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले. एका पाद्रीबाबांनी बिल्डर आणि टँकरवाल्यांशी झुंजावं हे महाराष्ट्राला नवल वाटलं होतं. वसईत वाढलेल्या माणसाला विहिरीचं पाणी हा धर्माबाहेरचा विषय कसा वाटेल?

तरी बावखलं बुजत गेली. जमिनीला भाव आला, आणि सामायिक खड्ड्यापेक्षा भरलेला प्लॉट विकायला सोपा. काही बावखलं भरावाखाली गेली, काहींत कचरा पडला, काहींवर जलपर्णी इतकी माजली की खाली पाणी आहे हे सांगावं लागे. गेल्या काही वर्षांत वसईतल्या तरुणांच्या गटांनी यांतली काही साफ करून पुन्हा पाणी धरतं केली आहेत. गाळ काढला, काठाला झाडं लावली. ज्यांनी रहाट पाहिला नाही अशी ही पोरं.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर अशा एखाद्या बावखलाच्या काठाशी जाऊन बघा. बेडकांनी कान किटवलेले असतात, केळीच्या पानांवरून धारा लागलेल्या असतात, आणि गढूळ पाण्याची रेघ काठाच्या एका दगडावर बोटभर चढलेली असते. एवढंच दिसतं. तळाशी वाळूत, हळूहळू, कुणाच्या नजरेस न पडता, समुद्र चाळीस बोटं खाली सरकू लागलेला असतो.